पार्कूरच्या आखाड्याला आश्रय कोणाचा? ब्रिटनमधील सामुदायिक क्लबांसाठी अनुदानाचा मार्ग

ब्रिटनमधील एखाद्या मध्यम शहरात शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामगृहात डोकावून पाहिले, तर हल्ली एक नवे दृश्य दिसते. लाकडी पेट्या, लोखंडी नळ्यांची चौकट आणि जाड गाद्या मांडलेल्या असतात. दहा-बारा वर्षांची मुले एका पेटीवरून दुसरीवर झेप घेतात, कठड्याला हात टेकवून पलीकडे जातात आणि उतरताना पाऊल वाजू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. हे पार्कूर. या मुलांत आपल्या मराठी घरांतली मुलेही असतात. दाराशी उभ्या असलेल्या पालकांपैकी जो हिशेबात चोख असेल, त्याला क्लबचा चालक एके दिवशी हळूच विचारतो, "अनुदानाचा अर्ज भरायला मदत कराल का?"

प्रस्तुत लेख त्या पालकासाठी आहे. क्लब छोटा असो वा स्वतःच्या जागेचे स्वप्न पाहणारा असो, पैसा कोठून मिळू शकतो, त्यासाठी संस्थेचे रूप कसे असावे लागते आणि अनुदानाच्या मर्यादा कोणत्या, हे येथे क्रमाने मांडले आहे. एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवणे इष्ट. या देशात वर्ग सुरू करण्यासाठी अनुदान मिळवणे फारसे अवघड नाही. अनुदानाच्या भरवशावर जागा टिकवणे मात्र जवळजवळ अशक्य आहे. या दोहोंतला भेद न ओळखता भाडेपट्ट्यावर सही करणारा क्लब अडचणीत येतो आणि कधी कधी सही करणारी व्यक्तीही.

तालीम आणि तिचे तीन आधार

पार्कूरचा जन्म १९८० च्या दशकात पॅरिसच्या दक्षिणेकडील लीस या उपनगरात झाला. डेव्हिड बेल आणि त्याच्या सवंगड्यांनी इमारतींचे जिने, भिंती आणि कठडे यांनाच व्यायामाचे साधन केले. ब्रिटनला त्याची ओळख झाली ती मुख्यतः चॅनेल फोर वाहिनीच्या २००३ सालच्या 'जम्प लंडन' या माहितीपटामुळे. पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात ते शाळांमध्ये आणि युवकांच्या उपक्रमांत शिकवले जाऊ लागले. रस्त्यावरची उनाडकी म्हणून ज्याकडे पाहिले जाई, त्याला प्रशिक्षक, अभ्यासक्रम आणि वर्ग लाभले.

मराठी माणसाला या प्रवासात काही ओळखीचे दिसेल. शरीर कमावण्याची कला, ती शिकवणारा उस्ताद आणि ती जेथे शिकवली जाते ती जागा हे तिन्ही घटक आपल्या तालमींत होतेच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, तर मल्लखांबासाठी जगभर ओळखले जाणारे दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ सालचे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले. अशा संस्थांच्या आयुष्याकडे पाहिले, तर त्यांना तीन आधार लागतात असे दिसते. पहिला राजाश्रय, दुसरा लोकाश्रय, म्हणजे सभासदांची वर्गणी व गावाची देणगी, आणि तिसरा परवडणारी जागा. ब्रिटनमधल्या पार्कूर क्लबालाही हेच तीन आधार हवेत. येथे राजाश्रयाची जागा लॉटरीचा निधी आणि क्रीडा परिषदा यांनी घेतली आहे, इतकेच.

मान्यतेने काय दिले

'पार्कूर यूके' ही राष्ट्रीय नियामक संस्था २००९ साली स्थापन झाली. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनमधील क्रीडा परिषदांनी पार्कूरला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. असे करणारा ब्रिटन हा जगातील पहिला देश. त्यानंतर आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूर आपल्या छत्राखाली घेण्याचे ठरवले आणि त्यावरून पार्कूरच्या संघटनांशी त्याचा मोठा वाद झाला. तो येथे बाजूला ठेवू.

मान्यता मिळाली म्हणजे पैसा आपोआप येतो, हा समज चुकीचा आहे. मान्यतेमुळे क्लबांसाठी काही दारे उघडली, एवढेच. शाळा, नगरपालिका आणि निधी देणारे न्यास यांच्यापुढे 'हा खेळ आहे का?' हा प्रश्न उरला नाही. करसवलतीचा एक महत्त्वाचा मार्गही खुला झाला, कारण ती सवलत क्रीडा परिषदांनी मान्य केलेल्या खेळांच्या क्लबांनाच मिळते. साधनांच्या बाबतीतही आता नियम आहेत. पार्कूरच्या कायमस्वरूपी साधनांसाठी २०१३ साली ब्रिटिश मानक निघाले आणि पुढे 'ईएन १६८९९' हे युरोपीय मानक आले. नगरपालिकेच्या जागेत साधने बसवायची असतील, तर बांधणाऱ्या कंपनीकडून या मानकाची पूर्तता लेखी घ्यावी.

आधी संस्था, मग अर्ज

अनुदान व्यक्तीला मिळत नाही, संस्थेला मिळते. म्हणून पहिला प्रश्न असतो तो संस्थेच्या कायदेशीर रूपाचा. इंग्लंड व वेल्समध्ये प्रामुख्याने चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय साध्या मंडळाचा. लेखी घटना, निवडलेली समिती आणि मंडळाच्या नावाचे बँक खाते एवढ्यावर ते उभे राहते. छोट्या अनुदानांसाठी हे पुरते. मात्र अशा मंडळाला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नसते. मंडळाच्या वतीने कोणी भाडेपट्ट्यावर सही केली, तर देणे त्या सह्या करणाऱ्यांच्या अंगावर येऊ शकते. घरावर कर्ज असलेल्या नोकरदाराने हे वाक्य दोनदा वाचावे.

दुसरा पर्याय धर्मादाय संस्थेचा. तिच्या अनेक रूपांपैकी नव्या क्लबांना 'चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन' हे रूप सोयीचे ठरते. त्यात संस्थेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व मिळते आणि विश्वस्तांची वैयक्तिक जबाबदारी मर्यादित राहते. चॅरिटी कमिशनकडे नोंदणी झाल्यावरच ही संस्था जन्माला येते, त्यामुळे वेळ हाताशी ठेवावा. हौशी खेळाचा प्रसार हे कायद्याने मान्य केलेले धर्मादाय उद्दिष्ट आहे. ज्या खाजगी न्यासांचा निधी केवळ नोंदणीकृत धर्मादाय संस्थांनाच मिळतो, त्यांचे दार या रूपाने उघडते.

तिसरा पर्याय 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी'चा. २००५ पासून उपलब्ध असलेले हे रूप पूर्णवेळ प्रशिक्षकांनी चालवलेल्या क्लबांत लोकप्रिय आहे, कारण संचालकाला कामाचा पगार घेणे येथे सोपे असते. कंपनीची मालमत्ता समाजहितासाठीच राहील, ती मालकांत वाटली जाणार नाही, असे बंधन कायद्याने घातलेले असते. लॉटरीच्या योजनांना हे रूप चालते. धर्मादाय संस्थेला हक्काने मिळणाऱ्या करसवलती मात्र या कंपनीला मिळत नाहीत.

चौथा पर्याय म्हणजे 'कम्युनिटी अमॅच्युअर स्पोर्ट्स क्लब' ही महसूल खात्याकडील नोंदणी. २००२ साली ही योजना आली. क्लब सर्वांना खुला हवा, किमान निम्मे सभासद प्रत्यक्ष खेळणारे हवेत, आणि सभासदत्व व खेळण्याचा मिळून वार्षिक खर्च १,६१२ पौंडांच्या पलीकडे जाता कामा नये. तो ५२० पौंडांहून अधिक असेल, तर ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सवलतीची सोय दाखवावी लागते. या नोंदणीनंतर देणग्यांवर गिफ्ट एडखाली पौंडामागे २५ पेन्स मिळतात. सभासदाच्या वर्गणीवर ते मिळत नाहीत. ही नोंदणी आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही आणि असा क्लब त्याच वेळी धर्मादाय संस्था होऊ शकत नाही. म्हणून निर्णय घाईने करू नये.

स्कॉटलंडमध्ये धर्मादाय संस्थांची नोंदणी वेगळ्या नियामकाकडे होते, उत्तर आयर्लंडमध्येही तसेच. महसूल खात्याची क्रीडा क्लब योजना मात्र सगळ्या देशभर लागू आहे.

येथे मराठी मंडळांच्या अनुभवातून एक सूचना. आपल्याकडे अध्यक्ष पती आणि खजिनदार पत्नी अशी जोडी प्रेमाने राबत असते. निधी देणाऱ्यांना ते चालत नाही. समितीत परस्परांशी नाते नसलेल्या आणि एकाच पत्त्यावर न राहणाऱ्या किमान दोन व्यक्ती लागतात, काही ठिकाणी तीन. बँकेतून पैसे काढण्यासाठीही अशाच दोघांच्या संमतीची व्यवस्था असावी. केवळ या कारणावरून चांगला अर्ज परत येऊ शकतो.

पहिल्या पायरीचा निधी

नवा वर्ग, नवे प्रशिक्षक, हलवता येणारी साधने, मुलींसाठी स्वतंत्र सत्र अशा कामांसाठी पुढील स्रोत पाहावेत.

'नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड' हा सामुदायिक कामाला पैसा देणारा देशातील सर्वांत मोठा निधी. त्याच्या इंग्लंडमधील 'अवॉर्ड्स फॉर ऑल' योजनेत ३०० ते २०,००० पौंड, दोन वर्षांपर्यंतच्या कामासाठी मागता येतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यासाठी याच धर्तीच्या स्वतंत्र योजना आहेत. प्रशिक्षकांचे मानधन, सभागृहाचे भाडे, साधने, स्वयंसेवकांचा खर्च हे सारे यात बसते. यात खेळाला स्थान आहे ते माणसे एकत्र येण्याचे निमित्त म्हणून, हे ध्यानात ठेवावे.

'स्पोर्ट इंग्लंड'चा 'मूव्हमेंट फंड' २०२४ साली सुरू झाला. त्यात ३०० ते १५,००० पौंडांचे अनुदान मिळू शकते. लोकवर्गणी काढणाऱ्या क्लबाला संस्थेकडून त्यात भर घालण्याचीही सोय आहे. ज्यांना हालचालीची, व्यायामाची संधी सर्वांत कमी मिळते, त्यांना प्राधान्य असते. नावाप्रमाणे हा निधी इंग्लंडपुरता आहे. वेल्समध्ये 'स्पोर्ट वेल्स'च्या 'बी ॲक्टिव्ह वेल्स' निधीतून ३०० ते ५०,००० पौंड मिळू शकतात. स्कॉटलंडमध्ये 'स्पोर्टस्कॉटलंड' आणि उत्तर आयर्लंडमध्ये 'स्पोर्ट एनआय' यांच्याकडे चौकशी करावी. कार्डिफच्या क्लबाने इंग्लंडचा अर्ज भरण्यात आठवडा घालवू नये, म्हणून हा खुलासा.

'बीबीसी चिल्ड्रन इन नीड' हा निधी गरिबी, आजार, अपंगत्व किंवा घरातील संकट यांच्याशी झुंजणाऱ्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. क्लबात अशी मुले खरोखर येत असतील आणि त्यांच्यासाठी विशेष काम होत असेल, तरच येथे जावे.

स्थानिक 'कम्युनिटी फाउंडेशन' हा पुष्कळदा दुर्लक्षिला जाणारा मार्ग. देशभरात अशी ४० हून अधिक प्रतिष्ठाने असून प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले असते. स्थानिक उद्योग आणि दात्यांचे अनेक छोटे निधी ती सांभाळतात. अर्ज लहान असतो, अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष बोलता येते आणि एकदा विश्वास बसला की पुढची वाट सुकर होते.

राजधानीत 'लंडन मॅरेथॉन फाउंडेशन' लक्षात ठेवावे. मॅरेथॉनसारख्या शर्यतींतून उरणारा पैसा या न्यासाकडे येतो आणि लोकांना सक्रिय ठेवणाऱ्या कामांवर खर्च होतो. मुलांच्या गटांसाठी टेस्कोची 'स्ट्रॉंगर स्टार्ट्स' योजना १,५०० पौंडांपर्यंत देते. या रकमेत व्यायामशाळा उभी राहत नाही, पण गाद्या निश्चित येतात.

याशिवाय 'स्पोर्टेड' या संस्थेचे नाव नोंदवून ठेवावे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा वारसा म्हणून उभी राहिलेली ही धर्मादाय संस्था वंचित वस्त्यांतील क्रीडा गटांना मार्गदर्शन देते आणि निधीच्या बातम्या कळवते.

जागेसाठीचा पैसा

पार्कूरची जागा दोन प्रकारची असते, उघडी आणि बंदिस्त. दोघींची वाट वेगळी आहे.

सार्वजनिक बागेत पार्कूरचे मैदान उभारायचे असेल, तर त्याचा खरा मालक नगरपालिका किंवा पॅरिश कौन्सिल असते आणि क्लबाने तिला पुढे करावे. इंग्लंडमध्ये नव्या घरबांधणीच्या परवानगीसोबत विकसकाकडून समाजोपयोगी कामांसाठी पैसा घेतला जातो. १९९० च्या नगररचना कायद्यातील कलम १०६ खालील करार हा त्याचा एक प्रकार, 'कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही' हा दुसरा. ही लेव्ही जेथे लागू आहे, तेथे तिचा १५ टक्के भाग स्थानिक परिसरासाठी राखून ठेवला जातो. परिसराने स्वतःचा विकास आराखडा मंजूर करून घेतला असेल तर २५ टक्के. तुमच्या प्रभागात मोठी वसाहत उभी राहत असेल, तर नगरसेवकाला भेटण्याची वेळ आताच आहे. बांधकाम पूर्ण झाल्यावर या पैशाला वाली पुष्कळ असतात.

कचराभूमीच्या करातूनही एक वाट निघते. १९९६ पासून कचराभूमी चालवणाऱ्या कंपन्यांना कराचा काही भाग परिसरातील सार्वजनिक सोयींकडे वळवता येतो. कचराभूमीपासून सामान्यतः १० मैलांच्या आतली, सर्वांना खुली असलेली जागा यात बसते. 'एफसीसी कम्युनिटीज फाउंडेशन' आणि 'बिफा अवॉर्ड' ही यातली परिचित नावे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये या कराची व्यवस्था आता वेगळी आहे.

बंदिस्त व्यायामशाळेची गोष्ट अधिक अवघड. पार्कूरला उंच छत आणि मोकळी जमीन लागते, म्हणून क्लबांची नजर औद्योगिक वसाहतीतील गोदामाकडे वळते. लंडनमध्ये थेम्सकाठी ट्रिनिटी बॉय वार्फ येथे साखळ्या व बोये ठेवण्याच्या जुन्या कोठारात 'पार्कूर जनरेशन्स'ची 'चेनस्टोअर' उभी राहिली, ती याच विचाराने. परंतु इंग्लंडमध्ये गोदाम आणि व्यायामशाळा हे नगररचनेच्या दृष्टीने जमिनीचे वेगवेगळे वापर आहेत. गोदामाची व्यायामशाळा करायला सामान्यतः परवानगी लागते, आणि रोजगाराच्या जमिनी राखण्याचे धोरण असल्यास नगरपालिका ती नाकारू शकते. परवानगी हाती येण्यापूर्वी भाडेपट्ट्यावर सही करू नये. करावीच लागली, तर परवानगी न मिळाल्यास करार रद्द होईल अशी अट त्यात घालून घ्यावी.

भाड्याचे गणित

आता आरंभी सांगितलेल्या भेदाकडे येऊ. समजा, एका गोदामाचे वार्षिक भाडे ३०,००० पौंड आहे. क्लबाला दोन वर्षांसाठी २०,००० पौंडांचे अनुदान मिळाले आणि ते सारे भाड्यावर खर्च करण्याची मुभाही मिळाली, तरी वर्षाला १०,००० पौंड हाती येतात. त्यात चार महिन्यांचे भाडे निघते. उरलेले आठ महिने कोणाचे? तिसऱ्या वर्षी काय? तेच भाडे दरमहा ४० पौंड भरणाऱ्या ६३ सभासदांकडून पूर्ण निघते. वीज, विमा आणि प्रशिक्षकांचे मानधन धरले, तर ही संख्या दुप्पट-तिप्पट होईल. म्हणून प्रश्न असा विचारावा, की आज आपल्याकडे किती मुले नियमित येतात आणि प्रतीक्षायादीत किती आहेत? अनुदान कोणते मिळेल, हा प्रश्न त्यानंतरचा.

याच गणितात एक मोठी रक्कम दडलेली असते, तिचे नाव 'बिझनेस रेट्स'. इंग्लंड व वेल्समध्ये धर्मादाय संस्थेला आणि महसूल खात्याकडे नोंदलेल्या क्रीडा क्लबाला, जागा आपल्या कामासाठी वापरत असल्यास, या करात ८० टक्के सूट हक्काने मिळते. उरलेल्या २० टक्क्यांची सूट देणे नगरपालिकेच्या मर्जीवर असते. गोदामावर वार्षिक १०,००० पौंडांची आकारणी असेल, तर दरवर्षी ८,००० पौंड वाचतात. कोणताही दोन वर्षांचा निधी संपला तरी ही सूट चालू राहते. संस्थेचे रूप ठरवताना अर्जापेक्षा या आकड्याकडे आधी पाहावे. कम्युनिटी इंटरेस्ट कंपनीला ही हक्काची सूट नाही, हे तिच्या सोयीची किंमत म्हणून मांडून ठेवावे.

याचा अर्थ जागा घेऊच नये असा नाही. अनुदान गाद्यांसाठी, चौकटीसाठी, प्रशिक्षक घडवण्यासाठी आणि पैसे भरू न शकणाऱ्या मुलांच्या जागांसाठी घ्यावे. भाडे वर्गणीतून निघावे. शाळेच्या व्यायामगृहात तासावर जागा घेऊन दोन वर्षे काढलेला क्लब याच हिशेबाने पुढे गोदामात टिकण्याची शक्यता अधिक.

अर्जात काय लिहावे

अभियंत्याला आपल्या यंत्राचे वर्णन करायला आवडते, तसे पार्कूरच्या प्रशिक्षकाला झेपेचे वर्णन करायला आवडते. निधी देणाऱ्याला मात्र झेपेत रस नसतो. कोणाच्या आयुष्यात कोणता फरक पडेल आणि तो पडला हे कसे कळेल, एवढेच त्याला हवे असते. 'आम्हाला पेट्या हव्यात' हे वाक्य दुबळे. 'आमच्या वस्तीत सांघिक खेळांत न रमणाऱ्या मुलींसाठी आठवड्याचा एकही वर्ग नाही. शेजारच्या दोन शाळांतील मुलींनी आणि त्यांच्या शिक्षकांनी तो मागितला आहे. आम्ही ४० आठवडे तो चालवू' हे वाक्य अर्ज उभा करते. मागणी खरोखर आली होती याचा पुरावा, म्हणजे शाळेचे पत्र, पालकांनी भरलेली छोटी प्रश्नावली, प्रतीक्षायादी, सोबत जोडावा.

अंदाजपत्रक साधे आणि तपासता येईल असे असावे. नमुन्यादाखल, आठवड्यातून एकदा दोन तासांचा वर्ग, ४० आठवडे. दोन प्रशिक्षकांचे ताशी २० पौंडांप्रमाणे मानधन ३,२०० पौंड. सभागृहाचे ताशी ३५ पौंडांप्रमाणे भाडे २,८०० पौंड. दोन तरुण मदतनिसांचे प्रशिक्षण ६०० पौंड. पेट्या व गाद्या २,४०० पौंड. विमा, प्रथमोपचार आणि इतर ५०० पौंड. एकूण ९,५०० पौंड. २५ मुलांकडून प्रत्येक वर्गाला १ पौंड घेतल्यास १,००० पौंड जमतात, म्हणून मागणी ८,५०० पौंडांची. मुलांनी दिलेला हा पौंड महत्त्वाचा आहे. क्लबाने स्वतःचा वाटाही उचलला, हे त्यातून दिसते, आणि अनुदान संपल्यावर वर्ग कसा चालेल या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवातही त्यातच असते.

काही गोष्टी अर्जापूर्वी तयार हव्यात. लहान मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी धोरण, त्यासाठी नेमलेली जबाबदार व्यक्ती, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी-तपासणी आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा यांना पर्याय नाही. ही तपासणी इंग्लंड व वेल्समध्ये 'डीबीएस', स्कॉटलंडमध्ये 'पीव्हीजी' आणि उत्तर आयर्लंडमध्ये 'ॲक्सेस एनआय' या नावांनी ओळखली जाते. प्रशिक्षकाकडे मान्य प्रमाणपत्र असावे. विमा कंपनीला 'पार्कूर' हा शब्द लेखी कळवावा. 'जिम्नॅस्टिक्स' म्हणून घेतलेला विमा अपघाताच्या दिवशी कामाला येईलच असे नाही.

आणखी एक नियम जवळपास सर्वत्र आहे. मंजुरीपूर्वी केलेला खर्च परत मिळत नाही. निर्णयाला तीन-चार महिने लागू शकतात, हे गृहीत धरून वर्गाची तारीख ठरवावी. योजनांच्या अटी व रकमा बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी त्या निधीच्या संकेतस्थळावरील ताजी सूचना वाचणे हे शेवटचे, पण न टाळण्याजोगे काम.

आपल्या वाचकांच्या दोन शंका

व्हिसावर राहणाऱ्या अनेकांच्या परवान्यावर 'सार्वजनिक निधी घेता येणार नाही' असा शेरा असतो. अनुदानित वर्गात मूल घातले किंवा अनुदान घेणाऱ्या क्लबाच्या समितीवर बसलो, तर त्याचा भंग होईल का, अशी भीती काहींना वाटते. इमिग्रेशनच्या नियमांत 'सार्वजनिक निधी' या शब्दांचा अर्थ युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घराची सरकारी मदत अशा नेमक्या यादीपुरता आहे. क्लबाला मिळालेले लॉटरीचे अनुदान त्या यादीत येत नाही. क्लबाकडून मानधन घेण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो आपल्या व्हिसातील कामाच्या अटींवर अवलंबून असतो. ते घेण्यापूर्वी अटी तपासाव्यात.

दुसरी शंका वेळेची. नोकरी सांभाळून हे कसे करायचे? येथे आपल्या पेशाचाच उपयोग होतो. लेखापालाने वर्षातून दोन दिवस हिशेबासाठी दिले, वकिलाने भाडेपट्टा एकदा वाचला, संगणकतज्ज्ञाने उपस्थितीची नोंद सुटसुटीत करून दिली, तर क्लबाला जे मिळते ते विकत घेणे त्याला परवडले नसते. अनेक मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने जमवलेल्या देणगीत स्वतःची भर घालतात, किंवा स्वयंसेवेच्या तासांसाठी रजा देतात. आपल्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला एक पत्र लिहून विचारण्यात काहीच जात नाही.

कामाचा क्रम

सारांशाने, पहिल्या तीन महिन्यांत घटना, परस्परांशी नाते नसलेली समिती, बँक खाते, विमा आणि बालसुरक्षेचे धोरण. त्यानंतर तासावर घेतलेल्या जागेत वर्ग आणि उपस्थितीची काटेकोर नोंद. मग कम्युनिटी फाउंडेशनचे किंवा तत्सम एक छोटे अनुदान, जे वेळेवर खर्चून त्याचा अहवाल चोख पाठवावा. पुढच्या वर्षी लॉटरी किंवा क्रीडा परिषद. संस्थेचे कायमचे रूप याच सुमारास ठरवावे. जागेचा विचार सर्वांत शेवटी, सभासदसंख्या आणि करसवलत यांचा हिशेब कागदावर जुळल्यानंतर.

१९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची आज डॉलिस हिल येथे स्वतःची वास्तू आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लोकाश्रयाशिवाय परदेशात संस्था असे वय गाठत नाही. पार्कूरच्या क्लबाचे वय अजून लहान आहे. राजाश्रय त्याला पहिली उडी मारायला उपयोगी पडेल. मात्र उडी घेण्यापूर्वी पलीकडची जमीन पाहून घ्यावी, हे तेथील प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. समितीवर बसणाऱ्या पालकांनीही तेवढे शिकून घेतले, तर शनिवारचा वर्ग पुढच्या वर्षीही भरेल.